कांद्याच्या भावाचा मेसेज आणि डीएलटीत गेलेला दीड महिना – माझा अनुभव

सगळं सांगतो, पण आधी एक. एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटीचं, म्हणजे कंपनीला मेसेज पाठवायला लागणाऱ्या मंजुरीचं, रजिस्ट्रेशन पहिल्या दिवशी टाका, कोडची एक ओळ लिहायच्या आधी. मी ते शेवटाला ठेवलं आणि दीड महिना गेला, तोही नेमका उन्हाळ कांदा चाळीतून काढायच्या वेळी. अजून राग गेलेला नाही.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, निफाड तालुक्यात, विंचूरच्या बाजूला. तीनशेच्या वर सभासद, बहुतेक कांदावाले. मी तिथं हिशोबाचं आणि कॉम्प्युटरचं बघतो. रोज संध्याकाळी फोनवर एकच प्रश्न, उद्या गाडी कुठं न्यायची, लासलगाव, विंचूर का पिंपळगाव. भाव तर सगळ्यांनाच व्हॉट्सॲपवर येतो, पण भाडं वजा जाऊन हातात किती पडतील ते कोणी सांगत नाही. समजा पिंपळगावला क्विंटलला 1500 रुपये भाव आहे आणि विंचूरला 1420. पंचवीस क्विंटलच्या ट्रॅक्टरला पिंपळगावचं भाडं 3000, म्हणजे क्विंटलमागं 120, राहिले 1380. विंचूरचं भाडं 750, क्विंटलमागं 30, राहिले 1390. ऐंशी रुपये कमी दिसणारं मार्केट दहा रुपयांनी पुढं. आणि दर गावाचं हे गणित वेगळं. हेच रोज आपोआप काढून प्रत्येकाला पाठवायचं, आणि गाडी कंपनीकडूनच बुक केली तर तीन-चार जणांचा माल एकत्र लावायचा, एवढाच धंदा.

नवीन असं काहीच बनवायचं नव्हतं. भाव सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन वर फुकट मिळतात, ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या पोर्टलचेच, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तिन्ही, एपीआयने, म्हणजे आपला प्रोग्राम ते थेट उचलू शकतो. अंतरं ओपनस्ट्रीटमॅपवरून काढली. गुगल शीट आणि तिच्यातलीच ॲप्स स्क्रिप्ट, रोज संध्याकाळी ट्रिगर, म्हणजे ती ठरल्या वेळी आपोआप चालते. चार दिवसांत चाललं. दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा, तिथं जी नमुना की, म्हणजे डेटा घ्यायचा कोड, दिलेली असते ती दहाच नोंदी देते, आपलं खातं काढून स्वतःची की घ्या. आणि त्या संचात त्या दिवसाचेच भाव असतात, मागचे हवे असतील तर रोज शीटमध्ये साठवत जा.

व्हॉट्सॲपवाल्यांचं भागलं. पण आमच्या निम्म्या सभासदांकडं साधे बटणाचे फोन, त्यांना एसएमएसच लागतो. आणि खरं तर ज्यांना भाड्याचा हिशोब सगळ्यात जास्त लागतो ते हेच लोक.

आता डीएलटी म्हणजे काय ते थोडक्यात. ट्राय म्हणजे टेलिकॉमचं नियमन करणारी सरकारी संस्था, तिच्या 2018 च्या नियमांप्रमाणं कुठल्याही कंपनीला एसएमएस पाठवायचा तर आधी कंपनीची नोंदणी, मग सहा अक्षरी हेडर म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, मग मेसेजचा मजकूर म्हणजे टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचं. प्रत्येक मेसेज जाताना त्या टेम्प्लेटशी ताडून बघतात, जुळला नाही तर मध्येच अडवतात. मार्च 2021 मध्ये ही तपासणी सुरू केली तेव्हा देशभर लोकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते. फसवणुकीचे मेसेज थांबावेत म्हणून हे आहे आणि ते मला मान्य आहे, माझ्या वडिलांनाच तसला मेसेज आला होता. माझी तक्रार नियमाबद्दल नाही, ज्या टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर मी गेलो तिथं चूक काय आहे ते कोणी सांगत नव्हतं त्याबद्दल आहे.

फी 5900 भरली, पॅन, जीएसटी, लेटरहेडवर अधिकारपत्र दिलं. नोंदणीला नऊ दिवस, हेडरला चार. इथपर्यंत ठीक. मग टेम्प्लेट टाकलं, रिजेक्ट. कारण लिहिलंय 'इनव्हॅलिड कॅटेगरी'. मी ट्रान्झॅक्शनल निवडलं होतं, व्यवहाराचा मेसेज म्हणून. ते फक्त बँकांच्या ओटीपीसाठी असतं हे मला दुसऱ्या एका कंपनीच्या अकाउंटंटनं सांगितलं, आपल्याला सर्व्हिस इम्प्लिसिट, म्हणजे आपल्याच लोकांना सेवेचा मेसेज, हा प्रकार लागतो. बदललं, पुन्हा रिजेक्ट, कारण मजकुरात कंपनीचं नाव नव्हतं. टाकलं. तिसऱ्यांदा रिजेक्ट, आता दोन व्हेरिएबल, म्हणजे दर मेसेजला बदलणारे शब्द-आकडे, शेजारीशेजारी होते, मार्केटचं नाव आणि लगेच भाव. मध्ये ठरलेले शब्द लागतात. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस वाट, आणि ईमेल केला की तिकीट नंबर येतो, माणूस येत नाही. तिन्ही चुका पहिल्याच वेळी एकदम सांगितल्या असत्या तर आठ-दहा दिवस वाचले असते.

चौथ्यांदा मंजूर झालं. मी शीटमधून मेसेज सोडला आणि एकही पोचला नाही. रिपोर्टमध्ये 'टेम्प्लेट मिसमॅच'. मजकूर तोच! शब्द न शब्द, स्वल्पविराम सुद्धा तोच. हेल्पलाइनवर म्हणाले, सर, मजकूर जुळत नाहीये, तपासून घ्या. अकरा दिवस हेच.

शेवटी एका रात्री दोन्ही मजकूर स्क्रिप्टमध्ये घेतले आणि शब्दाशब्दाची लांबी मोजली. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द एकीकडं 13 आणि दुसरीकडं 14. डोळ्याला तर बारीक सुद्धा फरक दिसत नव्हता. टेम्प्लेट मी मोबाईलवरून भरलं होतं, तिथं 'ऱ' हे एकच अक्षर पडलं होतं. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर साधा 'र', हलंत आणि त्याच्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह. आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं, मशीनला वेगळं. मी मंजूर टेम्प्लेट पोर्टलवरून कॉपी करून थेट स्क्रिप्टमध्ये चिकटवलं, हातानं काही टाईप केलं नाही, आणि दहा मिनिटांत पहिला मेसेज गेला. रात्री पावणेबारा वाजले होते, बायकोला उठवून दाखवला.

मराठीत मेसेज पाठवणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे, ऱ्या आणि ऱ्ह असलेले शब्द टेम्प्लेटमधून टाळता आले तर टाळाच. मी नंतर 'सभासदांसाठी' केलं.

हो, आणि खर्चाचं राहिलं. देवनागरी एसएमएसला 70 अक्षरांची मर्यादा, इंग्रजीला 160. त्याच्यावर गेलं की दोन मेसेजचे पैसे, आणि तेव्हा एकेका भागात 67 च बसतात. कानामात्राही त्यात मोजतात. एका मेसेजमध्ये बसवायला मी 'सर्वसाधारण भाव' काढून नुसतं 'हातात' ठेवलं, 'विंचूर हातात 1390'. सभासदांना ते जास्त कळलं. इंग्रजी लिपीत मराठी लिहा म्हणून सुचवणारे होते, मी ऐकलं नाही. ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता आलं पाहिजे.

भावाची तारीख मात्र तपासूनच पाठवा. एखाद्या दिवशी मार्केटचा भाव चढत नाही, किंवा लिलाव बंद असतो, तेव्हा माझ्या पहिल्या स्क्रिप्टनं शीटमध्ये साठवलेला आदल्या दिवशीचा भाव उचलला असता. आता आजची तारीख नसेल तर ते मार्केट मेसेजमध्ये येतच नाही. कोणी चुकीच्या भावावर ट्रॅक्टर भरून निघाला तर ते भाडं मी कुठून देणार.

परवा आमच्या गल्लीतले नाना ऑफिसात आले, बटणाचा फोन पुढं केला, मेसेज उघडून. म्हणले, हा काल साडेसातला आला, आज साडेसात वाजून गेले तरी नाही. ट्रिगर पंधरा मिनिटं मागंपुढं होतो. मी तिथंच उभं राहून हातानं सोडला, नानांनी वाचला आणि गाडीवाल्याला फोन लावला.