घरचा काटेरी हलवा

भाचीच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ते कधीही करतात, त्यामुळे हाताशी वेळ होता, आणि दागिन्यांचा हलवा घरीच करायचा असं मी ठरवून टाकलं. बाजारातल्या पाकिटांतले रंग मला फार भडक वाटतात.

दोन वाट्या साखरेला वाटीभर पाणी. उकळी आल्यावर चमचाभर दूध घातलं, वर आलेली मळी काढली आणि पाक गाळून घेतला. पाक एकतारीच हवा. घट्ट झाला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात.

खरं काम परातीत. भाजलेले तीळ फक्त दोन-तीन चमचे, मोठ्या मण्यांसाठी साबुदाणा वेगळा. अगदी मंद आच. चमचाभर पाक सोडायचा आणि तो वाळून पांढुरका होईपर्यंत बोटांनी हलवत राहायचं, मग पुढचा चमचा. बोटं भाजतात, पाठ धरते. बराच वेळ तीळ नुसते गुळगुळीत! सासूबाई म्हणाल्या, "आधी दाण्याला अंग धरू दे गं, काटा मागाहून येतो."

आणि आला. दाण्यावर जिथे जरासा उंचवटा असतो तिथे पाक लागून चटकन वाळतो, मग तो उंचवटाच वाढत जातो. पाक जास्त पडला की मधले खळगे बुजतात. ढगाळ, दमट हवेत पाक वाळत नाही, म्हणून हे काम कोरड्या थंडीतलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे जपानात पोचलेली 'कोन्पेइतो' ही काटेरी गोळीही अशीच थरावर थर चढवून करतात. आपली रंगीत बडीशेपसुद्धा त्याच जातीची, फक्त तिला कारखान्यात फिरती कढई हलवते.

रंग शेवटच्या काही चमच्यांतच घातला: थोड्या पाकात केशर, थोड्यात चिमूटभर खायचा गुलाबी. बाकी सगळा पांढराच ठेवला, काळ्या झबल्यावर तोच उठून दिसतो.

दागिने करणं मात्र वेगळंच प्रकरण. दाण्यात सुई घातली की तो फुटतो, म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी झाली. कंबरपट्ट्याचा नाद सोडला. पुढच्या वर्षी वाटायला हलवा घरीच करणार, दागिने मात्र आयते आणणार.