बारीक काडीचे ड्रमर

खासबाग मैदानात कुस्ती लागली की हलगी कशी कडाडते ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण पुढच्या वेळी हलगीवाल्याच्या टिपरूकडे न बघता त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघा. त्यात एक लांब, बारीक, लवचीक काडी असते. टिपरू ठोका देतं आणि काडी दोन ठोक्यांमधली जागा भरत राहते. गर्दीत मागं उभं राहिलं तर काडी वेगळी म्हणून ऐकूही येत नाही. पण ती थांबली की हलगी एकदम बोडकी होते.

ड्रमसेटवर हे काम स्नेअरवरचा, म्हणजे खाली तारा लावलेल्या चपट्या ड्रमवरचा, डावा हात करतो. मोठ्या ठोक्यांच्या मध्ये जे जेमतेम ऐकू येणारे ठोके पडतात, त्यांना ड्रमवाले घोस्ट नोट म्हणतात. बाकीची जुळणीही आपल्याला ओळखीची आहे: घुमक्याच्या जागी पायाखालचा बेस ड्रम, ज्याला सगळे किक म्हणतात, आणि कैताळाच्या जागी हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी. आपल्याकडे तिघं मिळून जे वाजवतात ते तिथं एकटा माणूस दोन हात आणि दोन पायांवर ओढतो.

आवडत्या ड्रमरच्या याद्या बहुतेक वेळा वेगावरून आणि सोलोवरून ठरतात. ही यादी काडीवरून ठरवलेली आहे, त्यामुळे वेगासाठी नावाजलेला जॅझ ड्रमर बडी रिच यात नाही. हात त्याचे अफाट होते. १९६८ ची त्याची उस्ताद अल्लारखाँबरोबरची रेकॉर्ड तबलेवाल्यांनी जरूर ऐकावी. पण ठेका धरण्यापेक्षा मैदान मारायला बसलाय असंच त्याच्याबाबतीत वाटत राहतं.

पहिलं नाव क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राउनच्या बँडमधला. २० नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीत ‘फंकी ड्रमर’ रेकॉर्ड झालं, त्यात बाकी सगळे थांबतात आणि क्लाइड एकटा आठ बार, म्हणजे आठ आवर्तनं, वाजवतो. जेमतेम २० सेकंद. पुढं हिप-हॉपवाल्यांनी तेवढाच तुकडा कापून शेकडो गाण्यांखाली लावला. गाण्यावर नाव जेम्स ब्राउनचं, त्यामुळे त्या तुकड्याची रॉयल्टी क्लाइडला मिळाली नाही.

हा ठेका शिकायचा सोपा रस्ता आपल्या हातात आधीच आहे. तीनताल धरा. सोळा मात्रा, टाळी १, ५ आणि १३ वर, खाली, म्हणजे टाळी नसलेली रिकामी जागा, ९ वर. आता उजवा हात हाय-हॅटवर सोळाही मात्रा चालू द्या. किक १, ३, ११ आणि १४ वर. स्नेअरचा मोठा ठोका ५ आणि १३ वर. काडी, म्हणजे घोस्ट, ८, १०, १२ आणि १६ वर. आठव्या आणि चौदाव्या मात्रेला डावा पाय किंचित उचलून हाय-हॅट उघडायची आणि लगेच पुढच्या मात्रेला मिटायची.

आता नववी मात्रा बघा. तिथं किक नाही, स्नेअरही नाही, नुसती मिटलेली हाय-हॅट. म्हणजे खाली! मोठे ठोके नेमके दुसऱ्या आणि तिसऱ्या टाळीवर, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, किकवर. क्लाइडचा तीनतालाशी काही संबंध नाही, चार चोक सोळा दोन्हीकडे तेच एवढंच. पण ज्याने लहानपणी तबल्याच्या क्लासात ‘धा धिन धिन धा’ घोकलंय त्याला हा ठेका पाठ करायला पाच मिनिटं लागतात. वाजवायला मात्र महिने.

अडतं कुठं? बाराव्या आणि तेराव्या मात्रेच्या मध्ये. बारावी घोस्ट आहे, म्हणजे काठीचं टोक चामड्यापासून फार तर इंचभर वर. तेरावी मोठी आहे, तिला आठ-दहा इंचांवरून यायचंय. १०० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला शंभर ठोके आणि एका ठोक्यात चार मात्रा धरून, एका मात्रेला ०.१५ सेकंद मिळतो. तेवढ्यात काठी वर नेता आली नाही की दोनपैकी एक होतं: बारावी फुगते, नाहीतर तेरावी बसते. बहुतेकांची बारावी फुगते आणि मग सगळा ठेका एकसारखा बडवल्यासारखा होतो. उपाय असा की बारावीचा ठोका खाली मारायचा म्हणून मारायचाच नाही. मनगट वर उचलायचं आणि उचलता उचलता टोक चामड्याला शिवून जाऊ द्यायचं. मेट्रोनोम ६० वर लावा, फक्त १२-१३ ही जोडी घोळवा, बाकी काही नको. ठोके स्वच्छ आले तरच चार-चारने लय चढवा. ८० च्या आसपास पुन्हा बिघडतं, कारण तिथून मनगट कमी आणि बोटं जास्त वापरावी लागतात.

जेम्स ब्राउनकडे त्याच काळात दुसरा ड्रमर होता, जाबो स्टार्क्स. तो साधं, सरळ, घड्याळासारखं वाजवायचा. क्लाइड ऐकून डोकं गरगरलं की जाबो ऐकावा.

बर्नार्ड पर्डीचं प्रकरण उलटं आहे. त्याचा शफल, म्हणजे तीन-तीनच्या झोक्याचा ठेका, खरोखर नाद खुळा. इथं सोळा नाही, बारा घरं: दादऱ्याची दोन आवर्तनं लागोपाठ. हाय-हॅट प्रत्येक तिघांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या घरावर, म्हणजे १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२. मधली घरं २, ५, ८, ११ डाव्या हाताच्या घोस्टसाठी. स्नेअरचा मोठा ठोका एकच, सातव्या घरावर. किक पहिल्यावर, बाकी गाण्याप्रमाणे. स्टीली डॅनच्या १९७७ च्या ‘आजा’ या अल्बममधल्या ‘होम अॅट लास्ट’मध्ये हा शफल अगदी नितळ ऐकू येतो.

इथं अडतं सातव्या आणि आठव्यामध्ये. क्लाइडकडे हलक्यानंतर लगेच जोराचा होता, इथं जोराच्या मागोमाग हलका आहे. सातव्या घरावर काठी जोरात पडते, उसळी घेते, आणि ती उसळी तशीच सोडली तर आठवी घोस्ट मोठी होते. म्हणून सातवा ठोका मारताच करंगळी आणि अनामिका मिटून काठी खालीच दाबून धरायची, चामड्यापासून इंचभर वर. मुठीने आवळली तर आवाज मरतो आणि तासाभरात मनगट दुखतं. बोटांनीच थांबवायची. क्लाइड आणि पर्डी दोन्ही रोज थोडं थोडं केलं की डाव्या हाताचं वर जाणं आणि खाली राहणं, दोन्ही जमतं.

हाच शफल जॉन बोनमने लेड झेपेलिनच्या १९७९ च्या ‘फूल इन द रेन’मध्ये आपल्या वजनाने वाजवला. मग जेफ पोर्कारोने पर्डी आणि बोनम दोघांचं घेतलं, त्यात गिटारवाल्या बो डिडलीच्या ठेक्याची किक मिसळली आणि १९८२ मध्ये टोटोचं ‘रोझाना’ झालं. कुणाकडून काय उचललं ते तो स्वतःच सांगायचा. घराण्याची गायकी कशी उतरत जाते ते ड्रमवर बघायचं असेल तर ही तीन गाणी याच क्रमाने ऐकावीत.

बोनमबद्दल लोक फक्त जोराचं बोलतात. २६ इंची बेस ड्रम आणि साडेसहा इंच खोल धातूचा स्नेअर, म्हणजे जोर होताच. पण १९७१ च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चा आवाज कसा घेतला ते बघा. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी ड्रमसेट मांडला आणि वर जिन्यावरून दोन माइक सोडले. बस्स. किकला वेगळा माइक नाही, स्नेअरला नाही. अशा रेकॉर्डिंगमध्ये नंतर बसून स्नेअर वाढवू, झांज कमी करू असं काही करता येत नाही. काय मोठं आणि काय लहान ते वाजवणाऱ्यानेच हातापायात ठरवलेलं असावं लागतं. आपला तोल तपासायची ही सर्वांत स्वस्त रीत आहे: फोन ड्रमसेटपासून सहा-सात फुटांवर, छातीच्या उंचीला ठेवा आणि रेकॉर्ड करा. दहापैकी नऊ जणांची हाय-हॅट सगळ्यावर चढलेली निघते. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात दगडी जिना असेल तर अजूनच मजा, शेजारच्यांची परवानगी काढा म्हणजे झालं.

हाय-हॅट चढण्यावर चार्ली वॉट्सचा इलाज निराळा. रोलिंग स्टोन्सचा हा गृहस्थ स्नेअरचा ठोका मारताना उजवा हात हाय-हॅटवरून उचलूनच घ्यायचा. त्यामुळे चार ठोक्यांतला दुसरा आणि चौथा एकटा, उघडा पडतो. यात काडी नाही, उलट काढून घेणं आहे. करून बघा, सरळ दिसतं आणि पहिल्या दोन मिनिटांत लय पळते, कारण हाय-हॅटचा टेकू गेलेला असतो.

जॅझमध्ये मला सगळ्यात जास्त एल्व्हिन जोन्स भावतो. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेनबरोबर ९ डिसेंबर १९६४ ला त्याने ‘अ लव्ह सुप्रीम’ वाजवलं. ऐकताना सम सापडत नाही असं वाटतं, पण घरं तीच बारा आहेत. राइडवर, म्हणजे ठेका धरायच्या मोठ्या झांजेवर, १, ४, ६, ७, १०, १२. डाव्या पायाने हाय-हॅट ४ आणि १० वर. आता पर्डीच्याच २, ५, ८, ११ या घरांवर डावा हात हलकेच ठेवा आणि ३, ६, ९, १२ वर किक तितकीच हलकी. उजवा हात, डावा हात, पाय, असं चाक फिरायला लागतं. एल्व्हिन त्यातले काही ठोके गाळतो, काही मोठे करतो, म्हणून ते लाटेसारखं वाटतं.

हे भाड्याच्या सेटवर वाजवायला गेलं की फसतं. तिथला बेस ड्रम २२ इंची, पोटात उशी, ठोका ‘धप्प’. एल्व्हिनच्या गाण्यात किक हा सुद्धा काडीचाच भाग आहे. त्यासाठी १८ इंची, पोट रिकामं असलेला, जरा चढा लावलेला ड्रम लागतो. तो नसेल तर निदान उशी काढा, टाच पेडलवर टेकवून वाजवा आणि बीटर, म्हणजे पेडलचा हातोडा, चामड्यात रुतू देऊ नका, लागताच मागे येऊ द्या.

टोनी विल्यम्स १९६३ मध्ये ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसकडे आला तेव्हा १७ वर्षांचा होता. हाय-हॅट पायाने दोन आणि चारवर वाजवायची रीत मोडून तो चारही ठोक्यांवर वाजवायला लागला. एवढंच सांगून पुढं जातो, त्याच्यावर लिहायचं तर हा लेख पुरणार नाही.

जो मोरेलोने वाजवलेल्या, पाच मात्रांच्या ‘टेक फाइव्ह’मध्ये (१९५९) आपल्याकडचे हमखास घसरतात आणि त्याचं कारण झपताल आहे. पाच म्हटलं की आपला हात दोन-तीन, दोन-तीन असा पडतो. हे गाणं तीन-दोन आहे. झपतालाच्या सवयीने धरलं की जोर एक मात्रा अलीकडे येतो आणि पियानोशी भांडण सुरू होतं. दोन-तीन दिवस नुसतं चालताना ‘एक दोन तीन, एक दोन’ म्हणा, रंकाळ्याला एक फेरी पुरते. मोरेलोचा सोलो मात्र शांतपणे ऐका. पियानो तीच धून धरून बसतो आणि हा रिकाम्या जागा सोडत जातो.

आणि त्रिलोक गुर्टू. जन्म १९५१, मुंबई. हा ड्रमर जॅझच्या यादीत घालायचा की तबल्याच्या, हा वाद निरर्थक आहे. खुर्चीवर न बसता जमिनीलगत गुडघा टेकून वाजवतो, शेजारी तबला, आणि पाण्याची बादली, जिच्यात वाजती घंटा किंवा झांज बुडवली की स्वर खाली वाकतो. त्याच्या आई म्हणजे ठुमरी गायिका शोभा गुर्टू. त्यांची लहानपणची तालीम इथंच, कोल्हापुरात, अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे झाली. १९८८ च्या ‘उसफ्रेट’मध्ये मुलाच्या तालावर आईचा आवाज आहे. त्रिलोकच्या हातातला ‘तिरकिट’ काठीने वाजतो तरी बोटांचा वाटतो. घोस्ट नोटला इतकं बारीक वजन देणारा दुसरा ड्रमर मी ऐकलेला नाही.

आता हे सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे तो स्नेअर. गणपतीच्या दिवसांत भाड्याने मिळणाऱ्या सेटचा स्नेअर बहुधा रुमाल टाकून, टेप मारून गप्प केलेला असतो. त्यावर मोठा ठोका ऐकू येतो, घोस्ट मरते. आधी टेप काढा. मग चावीने वरच्या चामड्याचे रॉड गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, एका वेळी पाव फेरा. गोलाकार आवळत गेलात तर कातडं एका बाजूला ओढलं जातं आणि कडेला सुरकुती राहते. खालचं चामडं पातळ असतं, ते वरच्यापेक्षा थोडं जास्त घट्ट हवं. चामडं म्हणायचं एवढंच, १९५० च्या दशकाअखेरीपासून ते प्लॅस्टिकचं आहे. म्हणून जुलैच्या पावसात हलगी जाळावर शेकावी लागते तशी याला लागत नाही. पण खालच्या तारा गंजतात आणि रॉड अडकतात. शिलाई मशीनचं थेंबभर तेल रॉडच्या आट्यांना लावा, तारांना नको, तेलावर धूळ बसते. काठ्याही दमट हवेत वाकतात, घेताना फरशीवर लाटून बघाव्यात.

तारा शेवटी. स्क्रू पूर्ण सैल करा, बोटाने चामड्याच्या मध्यावर अगदी हळू टकटक करत एकेक पीळ आवळा. आधी ‘टक’ येतो, मग ‘चर्र’, आणि अजून आवळत गेलात तर पुन्हा ‘टक’. चर्र स्वच्छ झाला की थांबायचं. मग काठी घ्या, इंचभरावरून वाजवा, आणि क्लाइडची आठवी मात्रा दहा फुटांवर उभ्या माणसाला ऐकू येते का ते विचारा. नाही म्हणाला तर जोर वाढवू नका, तारा अर्धा पीळ सैल करा.