भूतान : रात्रीमागे बाराशे

भूतानचं बजेट मांडायला बसलं की हॉटेलच्याही आधी एक आकडा येतो : भारतीयांना माणशी, रात्रीमागे 1,200 न्गुलट्रम. न्गुलट्रम आणि रुपया एकास एक, म्हणजे बाराशे रुपयेच. हे शाश्वत विकास शुल्क; तिथे सगळे 'एसडीएफ' म्हणतात. यात राहणं, जेवण, गाडी काहीच येत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ.

आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी पारो येईपर्यंत हाच विषय लावून धरला. "देतोय कशाचे पैसे?" गाइड हसून म्हणाला, "सर, आमच्याकडे शाळा-दवाखाना फुकट आहे. हा पैसा सरकारी तिजोरीत जातो." काकांचं काही समाधान झालं नाही.

डॉलरवाल्यांना, म्हणजे डॉलरमध्ये शुल्क भरणाऱ्या परदेशी पर्यटकांना, तर रात्रीला 100 डॉलर पडतात. 2022 मध्ये ते 200 केले होते. पर्यटक रोडावले, हॉटेलवाले कुरकुरू लागले, आणि 2023 मध्ये ऑगस्ट 2027 पर्यंतसाठी निम्मे झाले. 'पर्यटक मोजके, कमाई जास्त' हे धोरण खरं, पण खोल्या रिकाम्या राहिल्या की सरकारलाही वाकावं लागतं.

मला विचाराल तर भूतान राखलंय ते पैसे मोजूनही न सुटणाऱ्या नियमांनी. तक्तसांग या कड्यावरच्या मठाला जाताना घोडा वाटेतल्या कॅफेटेरियापर्यंतच. पुढे पायऱ्यांनी धबधब्यापर्यंत उतरायचं, परत चढायचं. दारात मोबाईल, बॅग लॉकरमध्ये. आत लोण्याच्या दिव्यांचा वास, पायाखाली गार लाकडी फळ्या, आणि फोटो नाहीत म्हणून लोक चक्क बघत उभे! गांगखर पुएनसुम हे 7,570 मीटरचं शिखर अजून कुणी सर केलेलं नाही, आणि 2003 पासून तर गिर्यारोहणालाच बंदी. परवाने विकून केवढी कमाई झाली असती! शिवाय 60 टक्के भूभाग कायम जंगलाखाली हवा, हे थेट राज्यघटनेत.

शुल्काबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. मीटर रात्रीवर चालतं, म्हणून माणूस रात्री कापतो. थिंफू, पुनाखा, पारो उरकायचं आणि सीमेवरचं फुंटशोलिंग गाठायचं. पूर्वेकडचं बुमथांग यादीतून पहिलं उडतं. 2023 च्या जूनमध्ये डॉलरवाल्यांना 'चार रात्री भरा, पुढच्या चार माफ' अशी सवलत दिली होती. तशी आपल्यालाही द्यावी, निदान बुमथांगच्या रात्रींना तरी. मग काकाही बुमथांगला आले असते.