दाढीचा फेस आणि मे महिन्यातलं पाणी

गेल्या वर्षी ऑक्टोबरात कुडाळच्या त्वचारोग डॉक्टरांनी माझी मान उजेडाकडे वळवून पाहिली आणि विचारलं, "दाढीला किती पात्यांचा रेझर वापरता?" मी म्हटलं, पाच. "मग बरोबर आहे," ते म्हणाले.

हनुवटीखाली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना लाल फोड होते. काही पिकलेले, काही काळे डाग ठेवून बसलेले. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावाहून ओरोसला रोज मोटरसायकलने जातो. हेल्मेटचा पट्टा नेमका त्या फोडांवर घासतो आणि वर किनाऱ्याचा घाम. संध्याकाळी शर्टाच्या कॉलरला रक्ताचे ठिपके दिसायचे. दोन वर्षं मी हे उष्णतेमुळे होतंय असं धरून चाललो होतो. सब्जा खाऊन झाला, चंदन लावून झालं.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं. एकामागे एक पाती असली की पुढचं पातं केसाला धरून जरासं वर ओढतं आणि तो आत जायच्या आधी मागचं पातं त्याला कापतं. उरलेलं खुंट कातडीच्या खाली जाऊन बसतं. सरळ केस तिथून सरळ बाहेर येतो. माझे केस कुरळे. ते आतल्या आत वळतात, कातडीत घुसतात आणि शरीर त्यांना काटा रुतल्यासारखं वागवतं. चारपाच आठवडे दाढीला हात लावायचा नाही, मग एकाच पात्याने, केस वाढतात त्याच दिशेने करायची, एवढं त्यांनी सांगितलं. मलम दिलं ते वेगळं.

भाऊबीजेला मामा वेंगुर्ल्याहून आला. दाढी बघून त्याने आधी आईकडे पाहिलं. कोणी गेलंबिलं की काय, असं त्याला वाटलं असावं. मग मला म्हणाला, "दाढी कित्याक वाढवलंस रे?" सगळं सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा आला तेव्हा पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक रेझर त्याने माझ्या हातात ठेवला.

मामाने सगळी नोकरी जहाजावर केली, इंजिनरूममध्ये. हा रेझर त्याने तरुणपणी अमेरिकेतल्या एका बंदरात घेतला होता. जिलेटचा, खालची घुंडी फिरवली की डोक्यावरच्या दोन पाकळ्या उघडतात तो. डोक्याच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरात 'एन ३' कोरलेलं आहे. त्या काळच्या अमेरिकन जिलेटवर अक्षर वर्षाचं आणि आकडा तिमाहीचा असे, म्हणजे हा १९६८ च्या तिसऱ्या तिमाहीतला. त्या रेझरमध्ये आमच्या नाक्यावरच्या किराणा दुकानातलं ब्लेड जसंच्या तसं बसतं, याचं मला अजून कौतुक वाटतं. पाच पात्यांच्या रेझरचं बदलायचं डोकं, म्हणजे कार्ट्रिज, तशा एकाच्या पैशांत महिनाभराची ब्लेडं येतात, तो भाग आहेच.

पण आधी पाकळ्या उघडायला हव्या होत्या. कपाटात वर्षानुवर्षं पडून खारी हवा लागली होती. सांध्यांमध्ये पांढरट थर आणि मधेमधे हिरवा कळंक. जोर लावला असता तर आतली पट्टी वाकली असती. आई समईला लावायची चिंच घेऊन आली, तिला थांबवलं. आत पितळ आहे खरं, पण वर निकेलचा पातळ मुलामा आहे. चिंचेने आणि घासण्याने तो निघून गेला असता. वाटीत गरम पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, वीस मिनिटं बुडवून ठेवणं, मग जुन्या टूथब्रशने सांध्यात हळूहळू. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा घुंडी फिरवल्यावर एक पाकळी निम्मी उघडली, अडली, आणि मग दुसरीही उघडली. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घुंडीत सोडला.

सवय मात्र हाताला दुसरीच होती. कार्ट्रिजचं डोकं चेहऱ्याप्रमाणे स्वतःच वळतं, त्यामुळे दाबलं तरी चालतं. इथे कोन तुम्हालाच धरावा लागतो, कातडीशी साधारण तीस अंशांचा, आणि वजन रेझरचं पुरतं, हाताचं घालायचं नाही. पहिल्या दिवशी हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. दुसऱ्या दिवशी वरच्या ओठावर. तुरटीचा खडा फिरवला की रक्त थांबतं आणि जिथे जास्त चुरचुरतं तिथे आपण जास्त दाबलं हेही कळतं. त्या अर्थाने तुरटी रोज तुमची वही तपासते.

कोन मला खरा कळला तो बाजारातल्या सलूनमध्ये. तिथले काका अख्खं ब्लेड वेष्टनासकट मधून मोडतात आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतात. दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं. मी त्यांना सरळच विचारलं, मला शिकवाल का? त्यांनी खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. "आवाज आयक." ब्लेड बरोबर चाललं की बारीक खरखर ऐकू येते, सुक्या पानावरून सरडा जावा तशी. कोन चुकला की आवाज बंद. दुसऱ्या हाताने ते कातडी ताणून धरत होते, कानाजवळ वर, गळ्यावर खाली. "घाई कित्याक करतंस? वायच थांब, कातडी धर, मगे चल." बाकीचं सगळं घरी आरशासमोर जमलं.

गळ्यावर केस कुठल्या दिशेने जातात हे मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन दिवसांची दाढी असताना बोट फिरवून पाहिलं. उजवीकडे केस खाली येतात. डावीकडे जबड्याखाली ते आडवे कानाकडे जातात आणि गळ्याच्या घाटीजवळ अक्षरशः भोवरा आहे. मी इतकी वर्षं तिथे खालून वर ओढत होतो. फोड सगळ्यात जास्त तिथेच होते.

नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत फार छान गेलं. साबण करवंटीत घोळायचो. चांगली घासून गुळगुळीत केलेली, पण आतून थोडी रेघारेघांची करवंटी, तिच्यात फेस लवकर धरतो. ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात, झटकायचा, साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवायचा, मग करवंटीत थेंब थेंब पाणी घालत घोटायचा. तयार फेस आंबोळीच्या फुगलेल्या पिठासारखा दिसतो. चकाकी असलेला, बुडबुडे न दिसणारा, ब्रश उचलला की जडपणे ओघळणारा. तो चेहऱ्यावर असला की ब्लेड कातडीवरून नाही, फेसावरून जातं. जानेवारीत डॉक्टरांना दाखवायला गेलो तेव्हा दोन जुने डाग सोडले तर गळा साफ होता.

आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फेस येईनासा झाला.

साबण तोच, ब्रश तोच, करवंटी तीच. घोटायला लागलं की आधी मोठे बुडबुडे यायचे आणि चेहऱ्यावर लावेपर्यंत बसायचे. खाली पांढरा, चिकट गाळ राहायचा. ब्रशच्या केसांना तोच थर. साबण शिळा झाला असं समजून नवा आणला. मग दुसऱ्या कंपनीचा. ब्रश डुकराच्या केसांचा होता, तो बदलून कृत्रिम धाग्यांचा घेतला. (तो निर्णय नंतर वेगळ्या कारणाने योग्य ठरला. पावसाळ्यात इथे ब्रश दोन दोन दिवस वाळत नाही आणि डुकराच्या केसांना बुरशी धरते. कृत्रिम धागे झटकून उलटे टांगले की दुपारपर्यंत कोरडे.) साबण दुप्पट घेऊन पाहिला. कशाने काही होईना. ब्लेडही पाच दाढ्यांऐवजी तिसऱ्याच दाढीला ओढायला लागलं, त्याच्या धारेवर तांबूस ठिपके दिसायला लागले. मेच्या सुरुवातीला डाव्या जबड्याखाली पुन्हा तीन फोड आले, तेव्हा मला खरंच रडू यायचं बाकी होतं. इतकं सगळं शिकून पुन्हा तिथेच.

मेमध्ये एका मुंजीसाठी वेंगुर्ल्याला गेलो आणि मामाकडे राहिलो. सकाळी पडवीत दाढीला बसलो. करवंटी नेली होती, तोच साबण, तोच नवा ब्रश. दहाबारा वेळा घोटलं असेल, आणि आंबोळीचं पीठ तयार! मी तसाच बसून राहिलो. मामा समोर चहा पीत होता. त्याला म्हटलं, मामा, हे तिकडे होत नाही. सगळी कहाणी सांगितली. त्याने एकच विचारलं, "तुमच्या बावीचा पाणी चाखून बघलंस?"

आमचं घर समुद्रापासून दोनशे पावलांवर. विहीर वाळूत. पावसानंतर तिचं पाणी गोडं असतं. मार्चनंतर गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि खालून समुद्राचं पाणी सरकतं. मे महिन्यात ते मचूळ लागतं म्हणून आम्ही पितच नाही, प्यायला वरच्या वाडीतून आणतो. मामाची विहीर डोंगराच्या बाजूला चिऱ्यात खोदलेली, तिला समुद्र माहीत नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण पाणी प्यायचं आणि पाणी दाढीचं या दोन गोष्टी डोक्यात कधी एकत्र आल्या नव्हत्या.

मामाला मात्र लगेच कळलं, कारण जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं. खाऱ्या पाण्यात साधा साबण फाटतो, त्यासाठी खोबरेलाचा वेगळा साबण असायचा, तो खाऱ्यातही फेस देतो.

घरी येऊन खात्री करून घेतली. दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत आमच्या विहिरीचं पाणी, दुसरीत वेंगुर्ल्याहून आणलेलं. दोन्हींत नखाएवढा साबण किसून घातला आणि शंभर वेळा हलवल्या. वेंगुर्ल्याच्या बाटलीत वरपर्यंत फेस, तो दुपारपर्यंत टिकला. आमच्या बाटलीत दोन बोटं फेस, पाच मिनिटांत गेला, आणि पाण्यात दह्याच्या कण्यांसारखं काहीतरी तरंगत राहिलं.

साबण कारखान्यातही तयार साबण पाण्यातून वेगळा काढायला मीठच टाकतात. मिठाच्या पाण्यात साबण विरघळून राहत नाही. शिवाय समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असतं. ते साबणातल्या आम्लांशी बांधलं गेलं की न विरघळणारा साका होतो. माझ्या ब्रशला लागलेला पांढरा थर तो होता. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्याच्यामुळेच फेस दाट आणि टिकाऊ होतो, पण मचूळ पाण्यात तेच आधी फाटतं. खोबरेलातली आम्लं स्टिअरिकपेक्षा आखूड साखळीची असतात, ती खारेपणा बऱ्यापैकी सहन करतात.

आईला बाटल्या दाखवल्या. ती म्हणाली, "म्हणूनच मे महिन्यात या पाण्यात डाळ शिजत नाही." तुरीची डाळ ती उन्हाळ्यात कायम वाडीतल्या पाण्यात शिजवते. मी एप्रिलमध्ये तीन साबण बदलत होतो आणि तिच्या चुलीशेजारी गोड्या पाण्याची कळशी भरलेली होती.

खोबरेलाचा साबणही मागवून बघितला. आपल्या घरात नारळ असताना तोच वापरावा असं मनापासून वाटत होतं. मामाचं म्हणणं खरं, मचूळ पाण्यातही फेस येतो. पण तो हलका, मोठ्या बुडबुड्यांचा, आणि ब्लेडखाली कातडीला आधार देत नाही. वर चेहरा कोरडा पडतो. अंघोळीला चांगला आहे. दाढीला नाही.

मग साधा उपाय केला. दाढीला पाणी लागतं ते एक तांब्या. ओरोसच्या ऑफिसातल्या नळाचं पाणी चवीला गोडं आहे, त्याची दोन लिटरची बाटली दर दोन दिवसांनी डिकीत घालून आणायला लागलो. ब्रश त्यात भिजवायचा, फेस त्यात करायचा, ब्लेडही शेवटी त्याच पाण्यात धुऊन, न पुसता, झटकून खिडकीशी कोरडं होऊ द्यायचं. चौथ्या दिवसापासून दाढी जानेवारीसारखी व्हायला लागली. ब्लेड पुन्हा पाच दाढ्या टिकलं. तीन फोडांपैकी शेवटचा जूनच्या पहिल्या आठवड्यात बसला.

मृग लागला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला. पहिल्या दोन सरींचं पाणी घेतलं नाही. कौलांवरची वर्षभराची धूळ, पानं, पाखरांची घाण त्यात असते. तिसऱ्या दिवशी रात्रभर कोसळला. पहाटे पागोळीखाली स्वच्छ बादली लावली. पावसाच्या पाण्यात ना मीठ, ना चुना. करवंटीत ब्रश फिरवला आणि नेहमीच्या निम्म्या साबणात फेस करवंटीबाहेर आला. पाण्याचे थेंब दोनदा जास्त घालावे लागले, इतका तो दाट होता. गळ्यावर भोवऱ्याच्या कडेकडेने तीन वेगवेगळ्या दिशांनी रेझर फिरवला. तुरटी कुठेच चुरचुरली नाही.

मामाला फोन केला. म्हटलं, आज फेस बघायला हवा होतास.

"पाणी खयचा?" त्याने विचारलं.