नारिंगी डायल आणि नऊची शेपूट

मी खोटे दात बनवतो. नारायण पेठेत एका वाड्याच्या मागच्या खोलीत आमची डेंटल लॅब आहे. दवाखान्यांतून मापं येतात, आम्ही क्राउन, ब्रिज, कवळ्या तयार करून परत पाठवतो. दिवसभर डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा. घरी येऊन जेवण झालं की परत डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा. बायको म्हणते, "दिवसा खोटे दात, रात्री खोटी घड्याळं. खरं काय करता ते तरी सांगा."

हे सुरू झालं एका नारिंगी घड्याळापासून. ऑनलाइन फोटो दिसला: फावर ल्यूबा या स्विस कंपनीचं सी किंग, 'साठच्या दशकातलं, जसंच्या तसं'. पैसे भरले, घड्याळ आलं, आठवडाभर मनगटावर मिरवलं. पंचावन्न-साठ वर्षांच्या घड्याळाची डायल कालच तळलेल्या जिलबीसारखी का चमकते, हा प्रश्न मला पडला नाही. माणसाला पडायला हवेत तेव्हा प्रश्न पडतच नाहीत.

चावी अडकायला लागली म्हणून आमच्या बोळातल्या घड्याळजी काकांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडायच्या आधीच हसून घेतलं. मग एकेक दाखवलं. मशीन खरं, स्विसच. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, खरी, पण इतकी घासलेली की पट्ट्याजवळच्या चारही कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. काटे दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचे, मिनिट काटा आकड्यांपर्यंत पोचतच नव्हता. आणि डायल पुन्हा रंगवलेली. भिंगातून पाहिलं तर अक्षरांच्या कडा शाई फुटल्यासारख्या, आणि तारखेच्या खिडकीच्या काठावर रंगाचा ओघळ. दातावर असा ओघळ मी सोडला असता तर डॉक्टरांनी क्राउन माझ्या तोंडावर फेकला असता.

"मुंबईचा माल," काका म्हणाले. "फेकू नका मात्र. मशीन चांगलं आहे."

अशा घड्याळांना परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि नाक मुरडतात. एचएमटी पायलट, सेइको फाइव्ह, फावर ल्यूबा ही नेहमीची गिऱ्हाइकं. काळ्या डायलचा शांत पायलट लाल, पोपटी, पिवळा होऊन येतो, कधी त्याच्यावर लढाऊ विमानही उडत असतं. माझ्याकडे एक आहे, त्याच्यावर 'पॅराशॉक' (धक्का सोसणाऱ्या रचनेचं नाव) या शब्दातलं एक अक्षरच गळालंय. तो मी मुद्दाम घेतला. जुन्या बाजारात, बुधवारी, गंजलेले पाने आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्या मधे पडला होता.

पुढे मी हीच घड्याळं गोळा करायला लागलो. खरी घेणं परवडत नाही हे एक कारण आहेच. २०१६ मध्ये एचएमटीच्या घड्याळांचे कारखाने बंद झाले आणि जी घड्याळं लोक मोडीत काढायचे त्यांचे भाव चढले. पण दुसरं कारण असं, की या खोट्यांमध्ये हात दिसतो. कोणीतरी बसून जुना रंग थिनरने उतरवला, खालचा पितळी पत्रा उघडा केला, फवारा मारला, कोरलेल्या पाटीवरची शाई रबरी पॅडने उचलून पत्र्यावर ठेवली, वर लॅकर चढवलं. पॅड अर्धा मिलिमीटर सरकलं की नाव वाकडं. मी रोज पोर्सिलेनचे थर चढवतो, मला त्या माणसाची मान दुखलेली कळते.

गोळा करता करता बनवायला लागलो. त्यासाठी सेइकोच्या घरचं एनएच ३५ नावाचं मशीन उत्तम. चोवीस ज्वेल (चाकांची झीज कमी करणारे खडे), तासाला २१,६०० ठोके, चावीने भरतं आणि हातात घातलं की आपोआपही भरतं. त्याला बसणाऱ्या केस, डायल, काटे सुटे मिळतात. तास काट्याचं भोक दीड मिलिमीटर, मिनिट काट्याचं ०.९, सेकंद काट्याचं ०.२. हा ०.२ वाला काटा म्हणजे छळ आहे. पहिल्याच घड्याळाला तो चिमट्यातून उडाला आणि फरशीच्या भेगेत गेला. दुसरा मागवला, तोही उडाला. तिसरा बसला, पण काच लावल्यावर दिसलं की डायलवर, बरोबर तीन वाजण्याच्या जागी, बनियनचा एक धागा आहे. तेव्हापासून घड्याळ उघडताना मी उघडा बसतो. बायकोचं याबद्दलचं मत वेगळं लिहायला नको.

तास काटा वाटेल तेव्हा बसवायचा नसतो. चावी ओढून मशीन पुढे फिरवत राहायचं, तारीख टक्कन बदलली की थांबायचं, ती मध्यरात्र. तिथे तास आणि मिनिट दोन्ही काटे बारावर. हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पहिल्या घड्याळात तारीख दुपारी सव्वाचारला बदलायची. आणि चावीची दांडी कापणं! ती लांबच येते, आपल्या केसच्या मापाने कापावी लागते. आधी लांब कापायची, मग कानशीने कणाकणाने कमी करायची. मी आत्मविश्वासाने लॅबचा मायक्रोमोटर, दात घासायचं आमचं यंत्र, लावला. घड्याळाच्या चावीलाही क्राउनच म्हणतात, आणि क्राउन बसवणं हा माझा रोजचा धंदा, म्हटलं. दांडी जी आखूड झाली ती झाली. नवी यायला तीन आठवडे लागले.

या क्राउनवरूनच पुढचं. दीड-दोन वर्षांपूर्वी हात बसल्यावर मला खुमखुमी आली आणि मी रोलेक्स सबमरीनर बनवलं. नाव, मुकुट, सगळं छापलेली डायल मागवली, काचेभोवतीचं काळं कडं, म्हणजे बेझल, लावली, पोलादी पट्टा. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सुबक काम होतं हे आजही कबूल करतो. घालून एका दवाखान्यात माप आणायला गेलो. डॉक्टरांनी मनगट पाहिलं आणि म्हणाले, "वा! म्हणजे तुमचे दर कमी करायला हरकत नाही."

मी लगेच सांगितलं की खोटं आहे, घरी बनवलंय. ते हसले, पण त्यानंतर पाच मिनिटं ते मला दाताच्या रंगाबद्दल सांगत होते आणि मी त्यांच्या मनगटाकडे बघत होतो. त्यांचं खरं होतं. माझं जास्त चकचकीत होतं.

महिन्याभराने बायकोचा मावसभाऊ आला. लग्नाची बोलणी चालू होती, त्याला ते घड्याळ हवं होतं. उसनं नाही, विकत. "पंधरा हजार देतो, भावजी. त्यांना काय कळणार आहे?" मी हातातला चहा खाली ठेवला. दुसऱ्याचं बोधचिन्ह लावून माल विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, कैद होऊ शकते, वगैरे मी त्याला ऐकवलं. कायदा पुढे केला कारण तो सोपा होता. खरा अडथळा त्याचं ते 'त्यांना काय कळणार' हे होतं.

माझे दातही ओळखू यायचे नसतात. शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांची पट्टी, धरून ए-टू छटा की ए-थ्री हे ठरवताना आम्ही खिडकीशी जाऊन भांडतो, ते कोणाला कळू नये म्हणूनच. पण ज्याच्या तोंडात दात बसतो त्याला तो खोटा आहे हे पक्कं माहीत असतं. त्याच दाताने तो भाकरी चावतो. मावसभावाच्या सासऱ्यांना कोण सांगणार होतं?

त्या रात्री सबमरीनर उघडलं, डायल काढली आणि मुकुट व नाव थिनरने पुसून टाकलं. आता ते काळं, बिनानावाचं घड्याळ आहे. मी रोज घालतो. दवाखान्यात कोणी विचारत नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. डायलवर कोणाचं नाव छापत नाही. आणि प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतून सुईने कोरतो: डायल नवी, काटे नवे, मशीन अमुक, तारीख. पुढच्या घड्याळजीसाठी. मला वाटायचं ही माझीच कल्पना.

गेल्या दिवाळीत बाबांचं एचएमटी जनता साफ करायला घेतलं. स्वारगेट डेपोत कारकून असताना त्यांनी घेतलेलं. आमच्या घरातली ही एकमेव वस्तू जिच्याबद्दल मला शंका नव्हती. १९६१ मध्ये बंगळुरात सिटिझनच्या मदतीने सुरू झालेल्या कारखान्याच्या घराण्यातलं, सतरा ज्वेलचं, तासाला १८,००० ठोक्यांचं, रोज सकाळी चावी द्यायचं. शिवाय डायलवर देवनागरी आकडे. देवनागरी जनता एचएमटीनेही काढली होती आणि आज संग्राहक तिच्यासाठी हात जोडत फिरतात. मी संग्राहकांच्या ग्रुपवर दोनदा फोटो टाकून भाव खाल्ला होता.

भिंगाखाली धरलं आणि नऊची शेपूट दिसली. लांब, डावीकडे वळवलेली, वाड्यांच्या नंबरपाटीवर असते तशी. पाचाचीही तीच गत. हे कारखान्यातलं नव्हतं, पेठेतल्या रंगाऱ्याचं होतं. झाकण उघडलं तर आतून बारीक अक्षरात कोरलेलं: 'पाणी. डायल रंग. १४-७-८१.'

बाबांना विचारलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हो मग. पावसात पाणी शिरलं होतं. डायल काळी पडली. रविवार पेठेत एक जण करून द्यायचा. म्हणाला, इंग्रजी करू की मराठी? मी म्हटलं, पैसे तेवढेच ना? मग मराठी कर."

"बाबा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

म्हणजे नारिंगी सी किंगचा आणि जनताचा आजा एकच. पावसाळा, दमट हवा, काळी पडलेली डायल, नवी घ्यायची ऐपत नाही, म्हणून रंगवून घेतलेली. सायकलला रंग देतात तसं. त्यात लपवाछपवी नव्हती, झाकणाच्या आत तारखेसकट लिहून ठेवलं होतं. तोच रंगारी, तेच पॅड, तीच शाई, पण पुढे कोणीतरी खाली 'जसंच्या तसं' असं लिहून फोटो टाकला. परदेशातल्यांनी नाक मुरडावं ते त्या वाक्याला.

ग्रुपवर मी खरं सांगून टाकलं. दोघांनी हसरे चेहरे पाठवले. एकाने तीच डायल विकत मागितली, नऊ आवडला म्हणाला.

जुन्या बाजारात मला नंतर एक कारखान्याची जनता डायल मिळाली. इंग्रजी आकडे, थोडे डाग, पण अस्सल. बाबांच्या घड्याळाला बसेल. ती बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली, उलटी करून पाहिली आणि परत डबीत ठेवली.

"ही कोणाची?"

मला उत्तर देता आलं नाही. मशीनला तेल घातलं, रंगाऱ्याचीच डायल परत बसवली, झाकणाच्या आत त्याच्या ओळीखाली माझी तारीख कोरली आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चावी दिली, मोजून, ओठ हलवत. मग घड्याळ डाव्या कानाला लावलं. त्या कानाने त्यांना चार वर्षं ऐकू येत नाही. लक्षात आलं तसं त्यांनी हात बदलला आणि उजव्या कानाला लावलं.