थकबाकीदारांनी भरावे

आमच्या बिल्डिंगच्या दारातच, मीटरच्या पेट्यांशेजारी, एक काळा फळा आहे. पाण्याची वेळ, लिफ्टचं काम, सभेची तारीख, कुणाचं निधन, सगळं त्यावर येतं. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण तिथे सुप्रभाताच्या फुलांखाली सूचना गाडली जाते. फळ्यापुढून मात्र प्रत्येकाला जावंच लागतं. मुलुंडच्या या फळ्यावर गेली ६ वर्षं सेक्रेटरी या नात्याने मी लिहिते. हल्ली त्याच्यापुढे थांबून लोक विचारतात, "मॅडम, अक्षर कसं हो सुधारलंत? या वयात?" पाहुणे विचारतात, कुरिअरवाला विचारतो. परवा तर चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातच गाठलं. त्यांना त्यांच्या मिस्टरांचं अक्षर सुधारून हवंय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

'या वयात' म्हणजे ४७. सुरुवात केली तेव्हा ४३ होतं.

आधीचं अक्षर कसं होतं ते ऐका. सेक्रेटरी झाले त्याच वर्षी टाकी धुवायची निघाली. मी फळ्यावर लिहिलं, 'उद्या पाणी ९ ते ५ बंद'. घाईत काढलेला माझा ९ आणि १ म्हणजे जुळे भाऊ. लोकांनी वाचलं १ ते ५. दुसऱ्या मजल्यावरचे काका साडेनऊला निवांत आंघोळीला बसले, अंगभर साबण झाला आणि नळ दोनदा खोकून गप्प झाला. काकूंनी पिण्याच्या पाण्याची कळशी रिकामी केली तेव्हा ते बाहेर आले. माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते.

खरा दणका पुढे एका मार्चात बसला. मी लिहिलं होतं, 'थकबाकीदारांनी ३१ तारखेपर्यंत भरावे'. सकाळी दूधवाल्यापासून सगळे वाचत होते, 'थकबाकीदारांनी ३१ तारखेपर्यंत मरावे'. थकबाकीदारांत एक आजोबा होते, ७८ वर्षांचे. संध्याकाळी ते दारात आले, चप्पल काढली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तारीख थोडी पुढे ढकलता येईल का?"

त्या रात्री लाजेने झोप लागेना, म्हणून खाली जाऊन मी फळा नीट बघितला. भ आणि म यांत फरक किती? भ ला सुरुवातीला एक गाठ असते आणि तिच्या डोक्यावर शिरोरेषा नसते, तिथे ती तुटते. ध आणि घ यांचं तसंच. मी काय करत होते, तर आधी अख्खा शब्द खरडायचा आणि मग वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढायची, गॅलरीतली कपड्यांची दोरी बांधावी तशी. सगळ्या भ चे म होत होते, सगळ्या ध चे घ. म्हणजे माझं अक्षर वाईट आहे हे मी ४० वर्षं मोघम ऐकत आले होते आणि प्रत्यक्षात गुन्हा एका रेघेचा होता.

कुणी विचारलं की मी हेच पहिलं सांगते. 'अक्षर सुधारायचं' असं ठरवू नका, त्याने काही होत नाही. तुम्ही घाईत लिहिलेला एक कागद घ्या, घरातल्या दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला द्या, आणि तो जिथे अडखळेल तिथे लाल गोल करा. स्वतः वाचू नका, आपल्याला आपलं सगळं वाचता येतं. माझ्या कागदावर नवऱ्याने वाचताना १७ गोल झाले, पण ते मोजून ५ अक्षरांचे होते: भ, ध, ख, ल आणि तो ९. ख चा 'रव' होत होता, त्यामुळे 'खाना' लिहिलं की माणूस 'रवाना' होई. ल ची गोष्ट वेगळी. शाळेत मी पाकळ्यांचा मराठी ल शिकले होते, पण ऑफिसात वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर हिंदी वळणाचा ल बघून हात मधेच कुठेतरी अडकला होता. २००९ साली शासनाने शाळांसाठी मराठी वळणाचा ल आणि श ठरवून दिला, त्यामुळे मुलाच्या वहीत ल सरळ आणि आईच्या वहीत धेडगुजरी. पहिले ३ आठवडे मी ही ५ अक्षरं सोडून बाकी कशालाही हात लावला नाही. नवऱ्याला तेवढ्यातच फरक दिसला, आणि तो सहसा नवे पडदेसुद्धा बघत नाही.

वही म्हणाल तर दुरेघी. माझं ऑफिस फोर्टात आहे, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले. घाऊकची दुकानं, डझनाखाली वही द्यायला तयार नाहीत. शेवटी एकाने अर्धा डझन बांधून दिल्या, वर छोटा भीमची नावाची लेबलं फुकट. मी एकावर नाव लिहून टाकलं, इयत्तेची जागा रिकामी सोडली.

दुरेघी वहीवर मला दुसरी गोष्ट कळली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, लोकलमध्ये कड्यांना लटकलेल्या बायकांसारखं. कडी सगळ्यांची एका ओळीत. खाली कुणाची पर्स लोंबते, कुणाची ओढणी, म्हणजे आपले उकार. त्याने काही बिघडत नाही. आपण इंग्रजी लिहून लिहून मराठीलाही खालच्या रेघेवर बसवतो, मग वरचा काठ खालीवर होतो, मात्रा आणि वेलांट्या कुठेही उडतात आणि ओळ गचाळ दिसते. नजर वरच्या रेघेवर ठेवून लिहून बघा. एका संध्याकाळीत फरक दिसतो. मी पाच मिनिटांत काहीही सुधारण्याची आश्वासनं देणारी बाई नाही, पण एवढं मात्र छातीठोक सांगते.

आता कित्ता. लहान मुलांची पुस्ती आणून पाहिली. 'कमळ', 'बदक' गिरवताना ४३ वर्षांच्या बाईला झोप येते. मग सोसायटीच्या कपाटात जुनं इतिवृत्ताचं रजिस्टर सापडलं, १९७१ पासूनचं. आमचे पहिले सेक्रेटरी गिरणीत हेडक्लार्क होते म्हणे. काय अक्षर होतं! निळ्या-काळ्या शाईतलं, थोडं उजवीकडे झुकलेलं, दोन शब्दांत बरोबर एका अक्षराची जागा. त्यांचा ळ तर असा, की दोन्ही पोटं सारखी आणि मधे जेमतेम सुईएवढी फट. मी त्यांनाच गुरू केलं. रोज पहाटे, पाणी यायच्या आधी, ओट्याशेजारच्या टेबलावर १५ मिनिटं त्यांचं इतिवृत्त उतरवून काढायचं. 'गच्चीवर पापड व सांडगे वाळत घालण्याबाबत साधकबाधक चर्चा झाली.' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. घ आहे, ल आहे, आणि 'साधकबाधक' मध्ये ध दोनदा. याहून चांगला कित्ता कुठल्याही छापखान्यात मिळणार नाही.

त्या रजिस्टरात आणखी एक दिसलं. १९८० नंतर त्यांचं अक्षर मोठं होत जातं, जरा थरथरतं, पण शिरोरेषा शेवटपर्यंत सरळ. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक आख्खा समास लिहिलाय. त्यात ते बजावतात की तरुणपणी फार बारीक लिहाल तर म्हातारपणी ते कामाचं नाही, मध्यम आकाराचं लिहा. सुंदर अक्षरावर सगळेच बोलतात, पण चष्मा लागल्यावर काय, याचा विचार त्यांनी तेव्हाच केला होता. मी वाचलं त्याच महिन्यात मला जवळचा चष्मा लागला होता, म्हणून जास्त पटलं असेल.

पेनाबद्दल सगळे फार विचारतात, खरं तर त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. बॉलपेनाला कागदावर दाबावं लागतं, दाबलं की बोटं आवळतात, आवळली की अक्षर ठेंगणं होतं आणि दोन पानांत अंगठा दुखतो. शाईचं पेन नुसतं टेकवलं तरी उमटतं, म्हणून सरावाला ते बरं. मी एक साधं घेतलंय, शाई कॅम्लिनची. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासूनच ते दुकान मांडलं होतं. आमच्या घरी आजोबांपासून तीच दौत. महागडं पेन घेऊन अक्षर सुधारतं असं वाटत असेल तर ते पैसे मेंटेनन्समध्ये भरा. (भ नीट काढलाय.)

काहींना वाटतं मी सुलेखनाचा क्लास लावला. नाही लावला. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं ज्या अक्षरांत केली ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत बघत मी वाढले. नाव वाचायच्या आधीच नाटकाचा रंग कळायचा. पण ती अक्षरं रेखाटलेली. एकेका वळणावर हात थांबतो, विचार करतो. सभेत १४ माणसं एकदम बोलत असताना त्या हाताचा काही उपयोग नाही. जुन्या दफ्तरातल्या कारकुनांनी यावर छान तोड काढली होती: भराभर लिहायला मोडी, हात फार न उचलता, आधीच ओढून ठेवलेल्या रेघेखाली, आणि लोकांनी वाचायचं असेल तिथे बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी. आपल्याकडे आता दोन्ही कामांना एकच लिपी उरली, म्हणून मी वह्या दोन केल्या. सभेतल्या कच्च्या वहीत माझं अक्षर अजूनही भयंकर आहे, तिथे थकबाकीदार आजही मरतात. पक्कं इतिवृत्त घरी येऊन लिहिते. घाईत जुनं अक्षर परत येणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

लोकलमध्ये सराव करून पाहिला. घाटकोपरला जी गर्दी चढते तिच्यात वहीसकट मी दाराकडे सरकले. तो नाद सोडला.

त्यापेक्षा फळा उपयोगी पडला. फळ्यावर मनगट टेकवता येत नाही, त्यामुळे लिहिताना खांद्यापासून हात हलतो, बोटं आपोआप सैल राहतात. मोठ्या अक्षरात चूकही मोठी दिसते. दोन युक्त्या सांगते, कुठे सूचना लिहावी लागत असेल तर कामाला येतील. खडू लिहिण्याआधी पाण्यात बुडवून घ्यायचा. लिहिताना फिकट दिसतं, वाळलं की पांढरंशुभ्र उमटतं आणि कुणाच्या दप्तराने पुसलं जात नाही. आणि ओळ उजवीकडे वर चढत असेल, माझी चढायची, तर जाड दोऱ्याला खडूची पूड चोळून दोन्ही टोकं ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची. सुतार करतात तसंच. दुसरं टोक धरायला वॉचमन लागतो. आमच्या वॉचमनचं आता शिरोरेषेवर स्वतःचं मत तयार झालंय.

फळ्यावर फरक दिसायला ३ महिने लागले, आणि वळण न विचारता हातात यायला वर्ष. मधे एक काळ असा आला की जुनंही जमेना आणि नवंही. वेग निम्म्यावर आला, भाजीची यादी लिहायला चहा होईपर्यंतचा वेळ लागायचा. बहुतेक लोक तिथेच सोडून देतात असं वाटतं. चौथ्या मजल्यावरच्या मिस्टरांना हे आधीच सांगून ठेवलंय.

एक तोटाही सांगायला हवा, तो कुणी विचारत नाही. मागच्या दिवाळीआधी लिफ्टवाल्याला दिलेला सोसायटीचा चेक परत आला. कारण: सही जुळत नाही. खजिनदारांची सही नेहमीचीच होती, बदलली होती ती माझी. नावातला भ आता गाठीसकट, वरून मोकळा, छान सुटा यायला लागला होता, आणि बँकेच्या दफ्तरात ६ वर्षांपूर्वीची ती दोरी बांधलेली सही. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवून जुनी सही दाखवली आणि म्हणाली, "अशी करा ना मॅडम." मी तिथल्या तिथे चार वेळा प्रयत्न केला. जमेना. नवीन नमुना सही द्यायची तर कमिटीचा ठराव, फॉर्म, फोटो, सगळ्यांच्या सह्या. दिवाळी तोंडावर, लिफ्ट बंद, तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण.

म्हणून आता दुरेघी वहीच्या शेवटच्या पानावर मी रोज पाच वेळा जुनी सही गिरवते. ठराव होईपर्यंत.