आमची वाटचाल : फ्रेमच्या दुकानापासून लेदरच्या तुकड्यापर्यंत

आधीच सांगून टाकतो. काचेच्या टँकमध्ये वाढवून आम्ही विकतो त्यातलं एकही कोरल, म्हणजे प्रवाळ, मालवणच्या समुद्रातून काढलेलं नाही. किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करून आलेला पर्यटक अंगावरचं मीठ वाळायच्या आत आमच्या शेडमध्ये शिरतो, निळ्या लाइटखालचे ट्रे बघतो आणि विचारतो, "हे इथूनच काढता ना?" बारा वर्षं हा प्रश्न ऐकतोय. अजूनही तो मनाला लागतो. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतोय.

दगडी कोरल, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, हॅमर, ब्रेन ही सगळी जात, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रपंखे आणि काळं प्रवाळही तिथेच. मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य. आम्ही फक्त धंद्याच्या भाषेत ज्याला मऊ माल म्हणतात तो करतो : झोआ, मश्रूम, झेनिया आणि लेदर, ही कोरलांचीच नावं. मूळ वसाहती मुंबईच्या आयातदाराकडून पक्क्या बिलावर घेतलेल्या, त्यानंतरचा प्रत्येक तुकडा आमच्या काचेत वाढलेला. फोनवर कुणी हॅमर मागितलं की मी नाही म्हणतो आणि का नाही तेही सांगतो. काहीजण फोन आपटतात. आपटू देत.

सुरुवात काचेपासून झाली. बाबांचं बाजारपेठेत फोटोफ्रेमचं दुकान होतं. लाकडी मुठीचा त्यांचा काच कापायचा हिरा अजून माझ्या खणात आहे. पट्टी लावायची, हिरा टेकवायचा आणि एका दमात, एकाच दाबाने ओढायचा. आवाज सलग आला की रेघ बरोबर. मध्ये अडखळला तर तिथेच काच दगा देणार. एकदा मारलेल्या रेघेवरून दुसऱ्यांदा हिरा फिरवायचा नाही. बाबा म्हणायचे, "काच कापूची नसता रे, तिका वाट दावूची आसता." मी नववीत असताना हे शिकलो आणि आजही टँक बांधणाऱ्या पोराला याच शब्दांत शिकवतो.

फ्रेमचा धंदा मोबाइलने खाल्ला, तसा मी फिशटँककडे वळलो. जाता जाता घरी टँक बांधणाऱ्यांना सांगतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन टँकला लावू नका. त्यातलं औषध पाण्यात उतरतं. शिरक्यासारखा वास मारणारं साधं सिलिकॉन घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका. दीड फूट उंचीला आम्ही दहा मिलिमीटरची काच लावतो. तीन बाय दीड बाय दीडच्या टँकमध्ये १९० लिटर पाणी बसतं, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल वजन. स्टँडवर पैसे वाचवू नका.

पहिला खाऱ्या पाण्याचा टँक २०११ ला लावला तो याच मापाचा. तेव्हा मला वाटायचं, समुद्र घराशी आहे, पाण्याचा काय प्रश्न? पावसाळ्यात कळलं. कर्लीच्या आणि कळावलीच्या खाडीचं गढूळ पाणी किनाऱ्यावर उतरलं की समुद्र पातळ होतो. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दिसायला हवं तिथे मला २६ दिसलं, आणि झेनिया दोन दिवसांत विरघळली. तेव्हापासून नियम असा : मासेमारीतले एक मामा बरंच बाहेर गेले की हिवाळ्या-उन्हाळ्यात तिथून कॅन भरून आणतात. पहिला पाऊस पडला की ते बंद, दिवाळीपर्यंत पाकिटातलं मीठ. ते मीठ क्षार पूर्ण काढलेल्या आरओ-डीआय पाण्यातच कालवायचं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. आमच्या विहिरीचं पाणी प्यायला अमृत आहे, पण टँकमध्ये घातलं की आठवड्यात काचेवर तपकिरी शेवाळ धरतं. आणि खारेपणा मोजायचा तो तरंगत्या काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर फेकून द्या. एक बुडबुडा चिकटला की खोटं बोलतो.

२०१३ ला फर्मची नोंदणी केली, आणि त्याच वर्षी कोल्हापूरचे डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर. मालवणला मासे खायला आलेले, पार्किंगला जागा मिळाली नाही म्हणून आमच्या दारात गाडी लावली आणि आत डोकावले. दोन तास हलले नाहीत. माझ्याकडे विकण्यासारखं तेव्हा एकच होतं : सार्कोफायटन लेदरची मातृवसाहत, म्हणजे जिचे तुकडे कापून नवी वाढवायची ती, अळंबीच्या छत्रीसारखी, ताटाएवढी. मी तिला भाजी चिरायच्या सुरीने कापत होतो. डॉक्टरांनी ते बघितलं आणि तोंड वाकडं केलं. पुढच्या महिन्यात स्वतःची जुनी हत्यारं धुवून, कापडात गुंडाळून घेऊन आले : तीन नंबरचं स्काल्पेल हँडल, पंधरा नंबरची पाती, एक वाकडी कात्री आणि एक बोन कटर. पैसे घेतले नाहीत. तीच हत्यारं आजही वापरतो. पाती तेवढी नवी.

लेदर कापायची रीत सांगतो. छत्रीची कड एका झटक्यात कापायची. कुरतडली की सडते. कापल्याबरोबर ती बुळबुळीत चिकट स्राव सोडते, म्हणून सुपर ग्लू तिला धरत नाही. इथेच नवशिके हरतात. तुकडा खडकाच्या कपचीवर ठेवायचा, वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, त्याला सैल रबरबँड, आणि मंद प्रवाहात पंधरा दिवस. तो आपणहून खडक धरतो. मधेच एखाद्या दिवशी लेदर मिटून बसतं, अंगावर मेणासारखा थर येतो. तेव्हा लोक मला रात्री अकराला फोन करतात की मेलं. मेलेलं नसतं. कात टाकतंय ते. प्रवाह थोडा वाढवा आणि आठवडाभर हात लावू नका.

झोआचं मात्र उलटं. ग्लू छान धरतो, पण कापताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, ते डोळ्यात उडालं किंवा जखमेत गेलं तर दवाखाना गाठावा लागतो. झोआ लागलेला खडक साफ करायला कुणी गरम पाण्यात उकळू नये. त्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. हे मी प्रत्येक बिलाच्या मागे छापतो.

२०१४ ते १८ कर्ज फिटलं, शेड झाली, टँक अकरा झाले.

याच काळात घाटावरच्या मोठ्या शहरातला एक व्यापारी आमचा माल घेऊ लागला. नाव लिहीत नाही. तीन वर्षं आमच्याकडे जेवला. शेडमध्ये बसून त्याने प्रश्न विचारले आणि मी सगळं सांगितलं : लाइटचे तास, प्रवाह कुठून द्यायचा, थर्मोकोलच्या खोक्यात पिशव्या कशा रचायच्या, पिशवीत पाणी एक भाग आणि ऑक्सिजन दोन भाग. चुन्याच्या निवळीचंही सांगितलं. लहानपणी आजी द्यायची तीच निवळी. टँकची अल्कली आणि कॅल्शियम राखायला ती रात्री थेंब-थेंब सोडायची, कारण तिचा पीएच बाराच्या वर असतो, एकदम ओतली तर टँक जातो. पानाचा चुना त्यासाठी चालत नाही, प्रयोगशाळेच्या प्रतीचंच कॅल्शियम हायड्रॉक्साइड लागतं. हे शोधायला माझी दीड वर्षं आणि दोन ट्रे गेले होते. त्याला ते एका जेवणात मिळालं. शिकवल्याचं दुःख नाही. २०१९ ला त्याने जाहिरात केली : 'मालवणचं अस्सल नैसर्गिक कोरल, थेट समुद्रातून.' त्याखाली फोटो आमच्या शेडचा. माझ्या चार नंबरच्या ट्रेचा. कोपऱ्यात बाबांच्या दुकानाची जुनी पाटी दिसत होती.

फोन केला तर म्हणाला, "अहो, गिऱ्हाइकाला तसंच आवडतं."

दोन महिन्यांनी कुणीतरी तक्रार केली आणि संबंधित खात्याची माणसं दारात उभी राहिली. ती त्यांचं काम करत होती. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी प्रत्येक टँक बघितला, पाण्यात हात घालून खडक उलटे केले. मी फाइल काढून दिली : मूळ वसाहतींची बिलं, आणि एक लांबट हिशेबाची वही. त्यात प्रत्येक कापणीची तारीख, कोणत्या वसाहतीतून किती तुकडे, कुणाला गेले. सहा वर्षांची वही. संध्याकाळी पाच वाजता साहेबांनी ती मिटली आणि "ठीक आहे" म्हणाले. बाहेर तोवर निम्मी वाडी जमली होती. 'ठीक आहे' हे त्यातल्या कुणीच ऐकलं नाही. पोलिसांची गाडी आली होती एवढंच गावभर झालं, आणि गाडी पोलिसांची नव्हतीच. त्या व्यापाऱ्याने जाहिरातीतला फोटो काढून टाकला, पण आजवर एक शब्द बोललेला नाही. मुलीने शाळेत काय ऐकलं ते तिने मला दोन वर्षांनी सांगितलं.

मग वादळ. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. सकाळी लाइट गेली ती आमच्या वाडीत आठव्या दिवशी आली. इन्व्हर्टरने पाणी फिरवणारा रिटर्न पंप पाच तास ओढला. कोरलला उपास चालतो, अंधारही दोन-तीन दिवस चालतो. पाणी थांबलेलं चालत नाही. प्रवाह थांबला की प्राणवायू संपतो, मग खडकातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात, आणि ती सडच टँक संपवते. त्यात मे महिना. दुसऱ्या दिवशी थर्मामीटरवर ३२.५. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. मी, बायको आणि मुलगी तांब्याने पाणी वर उचलून परत ओतत होतो. पाळ्या लावून, दोन रात्री. अकरा टँकना तीन तांबे.

बर्फ कुठला? कारखाने बंद. मामा भर पावसात होडीवरच्या पेटीत उरलेली अर्धी लादी पोत्यात घालून घेऊन आले. ती फोडून पिशव्यांत भरली, पिशव्या तरंगत ठेवल्या, गोडं पाणी मिसळू नये म्हणून. तीन टँकपुरती झाली. जनरेटर तिसऱ्या दिवशी मिळाला, तो मंडपवाल्याकडून. लॉकडाउनमुळे त्याची लग्नं बंद होती. तोवर नऊ टँकना कुजक्या अंड्याचा वास सुटला होता.

झेनिया आधीच गेली होती. मश्रूम पांढरी पडली. त्यांच्या अंगात जे सूक्ष्म शेवाळ राहतं तेच त्यांचा रंग आणि तेच त्यांचं बरंचसं जेवण, उष्णतेत ते बाहेर टाकलं जातं. आणि मातृवसाहत, आठ वर्षं सांभाळलेली, जिच्यापासून आमचं सगळं सुरू झालं, ती हातात घेतली तर बोटांतून निसटली. माडाच्या आळ्यात पुरली. साडेचार लाखांचा माल होता, विमा नव्हता.

पुढच्या आठवड्यात एक ओळखीचा माणूस येऊन बसला. भल्यासाठीच बोलत होता. "अरे, दर्या समोर आसा. रात्रीचो जा, चार खडक आण. कोण बघता?" मी त्याला चहा दिला आणि घरी पाठवलं. ज्या गोष्टीसाठी दारात माणसं उभी राहिली होती, तीच आता करायची? मग ती वही कशासाठी लिहिली होती?

जूनच्या अखेरीस, फोंडा घाटात धुकं आणि पाऊस असताना, डॉक्टर आले. आधी फोन नाही. पुढच्या सीटवर पट्टा लावलेलं थर्मोकोलचं खोकं, त्यात बॅटरीवरचा एअरपंप घुर्र घुर्र करत होता. आत लेदर. तळहाताहून मोठा तुकडा, त्यांच्या टँकमधल्या वसाहतीची निम्मी छत्री. वहीत बघितलं : ऑक्टोबर २०१३, मातृवसाहत एक, तुकडा क्रमांक सात. डॉक्टर म्हणाले, "तुझंच आहे. सांभाळायला दिलं होतंस." मी पाण्याचं तापमान जुळवायच्या निमित्ताने पाठ वळवली.

त्यांच्याच कात्रीने त्याचे पाच तुकडे केले. ऑगस्टपर्यंत चार धरले. आज आमच्याकडे जेवढं लेदर आहे ते सगळं त्या चारांचं.

आता बिलावर एक अट असते. लेदर घेणाऱ्याने वर्षभराने एक तुकडा कापून दुसऱ्या कुणाच्या टँकमध्ये ठेवायचा, आणि तो कुठे आहे ते मला कळवायचं. काहींना हे जाचक वाटतं. त्यांना मी झोआ देतो. जनरेटर घेतलाय, तो दर रविवारी दहा मिनिटं चालवतो. बॅटरीवरचे एअरपंप प्रत्येक टँकला एक. तुम्हीही घ्या. लाइट, स्किमर, वेव्हमेकर यांच्यावर लाख रुपये घालणारा माणूस सातशे रुपयांच्या पंपाला मागेपुढे बघतो, ते मला कळत नाही.

गेल्या मार्चमध्ये पुण्यातून एका कॉलेजच्या मुलीचा फोन आला. हीटर अडकला होता, रात्रीत टँक उकडला, सगळं गेलं. रडत होती. वही उघडली. तिचा तुकडा तिनेच अट पाळून साताऱ्याच्या एका शिक्षकांकडे ठेवला होता. त्यांना फोन केला. ते म्हणाले, शनिवारी शाळा सुटली की कापतो, तोवर तिला पाणी तयार ठेवायला सांगा.